डोमेनची मुदत संपल्यावर

वेबसाईट उघडेनाशी झाली की पहिला संशय सर्व्हरवर जातो. होस्टिंगवाल्याला फोन लागतो. तो तपासून सांगतो की त्याच्याकडे सगळं सुरळीत आहे, फाइली जागच्या जागी आहेत आणि बिलही भरलेलं आहे. अर्धा दिवस असाच जातो, मग कोणाच्या तरी लक्षात येतं की कार्यालयाच्या ईमेलवर सकाळपासून एकही मेल आलेला नाही. साईट बंद, मेल बंद, आणि होस्टिंग मात्र ठणठणीत, असं दिसलं तर बाकीची शोधाशोध बाजूला ठेवून आधी डोमेनची तारीख बघावी.

संस्थेच्या नावापुढे डॉट कॉम, डॉट ऑर्ग किंवा डॉट इन लागून जो पत्ता तयार होतो तो कायमचा विकत मिळत नाही. तो मुदतीवर मिळतो. कमीत कमी एक वर्ष आणि पुढची शिल्लक मुदत धरून जास्तीत जास्त दहा वर्षं. डोमेनचं बिल वेगळं, होस्टिंगचं वेगळं, ईमेलसेवेचं वेगळं. ही तिन्ही बिलं तीन ठिकाणांहून, तीन वेगळ्या तारखांना येऊ शकतात. एक भरलं म्हणजे सगळं भरलं, हा समज इथे नडतो.

मुदत संपली म्हणजे नाव त्याच दिवशी हातचं गेलं असं नाही. ते परत मिळवण्याचे टप्पे ठरलेले आहेत. मात्र दर टप्प्याला खर्च वाढत जातो आणि आपला हक्क आक्रसत जातो. शिवाय यातले बरेचसे दिवस आपल्या नव्हे, विक्रेत्याच्या मर्जीचे असतात. नेमकी हीच गोष्ट लोकांना ठाऊक नसते.

पैसे कोणाकडे जातात

जगभरच्या डोमेन नावांच्या व्यवस्थेचा समन्वय आयकॅन ही अमेरिकेत १९९८ साली स्थापन झालेली ना-नफा संस्था करते. तिच्याखाली प्रत्येक शेपटीची एक रजिस्ट्री असते, म्हणजे मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था. डॉट कॉम आणि डॉट नेटची रजिस्ट्री व्हेरिसाईन कंपनीकडे आहे. डॉट इनची जबाबदारी नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सीकडे आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेलं आणि मराठी नावांनाही चालणारं देवनागरीतलं डॉट भारतही निक्सीच पाहते. रजिस्ट्रीच्या खाली रजिस्ट्रार येतात. आपण ज्यांच्या साईटवर जाऊन डोमेन घेतो ते हे. त्यांच्याही खाली रिसेलर असतात. गावातला वेबसाईट करून देणारा माणूस बऱ्याचदा रिसेलर असतो किंवा रिसेलरचा गिऱ्हाईक असतो.

ही उतरंड माहीत असावी, कारण अडचण आली की वरच्या पायरीवर दाद मागता येते. रिसेलर फोन उचलत नसेल तर रजिस्ट्रारला गाठता येतं. रजिस्ट्रार नियम पाळत नसेल तर डॉट कॉम, डॉट ऑर्गसाठी आयकॅनकडे तक्रार करता येते आणि डॉट इनसाठी निक्सीकडे.

तारखेनंतरचे ऐंशी दिवस

पुढचं वेळापत्रक डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्गसारख्या नावांचं आहे. डॉट इनचे नियम निक्सीचे असतात, तिथले दिवस आणि दर आपल्या रजिस्ट्रारकडून वेगळे विचारून घ्यावेत.

मुदत १ जूनला संपते असं धरू. आयकॅनच्या २०१३ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी दुसरी सूचना पाठवायची असते. मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरी. म्हणजे मे महिन्यात दोन मेल यायला हवेत आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात एक. ते खात्यात नोंदवलेल्या ईमेलवर जातात. तो ईमेल त्याच डोमेनवरचा असेल तर पहिले दोन मेल पोचतील, पण सगळ्यात महत्त्वाचा तिसरा पोचेलच असं नाही, कारण तोवर मेल बंद पडलेला असू शकतो.

पहिला टप्पा १ जूनपासून फार तर १६ जुलैपर्यंत चालतो. हे पंचेचाळीस दिवस. या काळात घडतं ते असं: मुदत संपताच रजिस्ट्री ते नाव आपणहून वर्षभरासाठी वाढवते आणि रजिस्ट्रारच्या खात्यातून पैसे वळते करते. पंचेचाळीस दिवसांच्या आत रजिस्ट्रारने नाव रद्द केलं तर त्याला ते पैसे परत मिळतात. सवलत आहे ती त्याला. तो गिऱ्हाइकाला पहिले काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतो, पुढे विलंबशुल्क लावतो. काही रजिस्ट्रार तर याच काळात ते नाव लिलावात मांडतात, आणि नोंदणी करताना आपण न वाचता मान्य केलेल्या अटींमध्ये ती परवानगी दिलेली असते. त्यामुळे 'पंचेचाळीस दिवस आहेत की' असं म्हणून स्वस्थ बसू नये. एका गोष्टीचा आधार आहे. मुदतीनंतर आठवडाभराहून जास्त थांबून नाव रद्द करायचं असेल तर रजिस्ट्रारला आधी किमान सलग आठ दिवस साईट आणि मेलचा रस्ता बंद ठेवावा लागतो आणि त्या काळात जुन्या धारकाला नूतनीकरण करू द्यावं लागतं. साईटच्या जागी अचानक जाहिरातींचं किंवा 'हे डोमेन संपलं आहे' असं पान दिसू लागतं ते त्यामुळे. ते पान म्हणजे धोक्याची घंटा आहे आणि ती मुद्दाम वाजवलेली आहे.

दुसरा टप्पा रिडेम्प्शनचा, तीस दिवसांचा. रजिस्ट्रारने नाव रद्द केलं की हा सुरू होतो. आपल्या उदाहरणात उशिरात उशिरा १५ ऑगस्टपर्यंत. आता नाव परत मिळतं ते फक्त जुन्या धारकाला आणि फक्त त्याच रजिस्ट्रारमार्फत. दुसऱ्या कंपनीकडे हलवून स्वस्तात काम उरकण्याचा मार्ग इथे बंद होतो. खर्च मात्र एकदम चढतो. डॉट कॉमच्या एका वर्षासाठी व्हेरिसाईन रजिस्ट्रारकडून सप्टेंबर २०२४ पासून १०.२६ डॉलर घेते. रिडेम्प्शनमधून नाव बाहेर काढायचे तिचे ४० डॉलर वेगळे. त्यावर रजिस्ट्रार स्वतःचं शुल्क चढवतो, वर नूतनीकरणाची रक्कम आणि कर. म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात पडणारं बिल नेहमीच्या कित्येक पट असतं. हे दर रजिस्ट्रारने आपल्या साईटवर जाहीर करणं बंधनकारक आहे, तेव्हा फोनवर सांगितलेला आकडा तिथल्या आकड्याशी ताडून घ्यावा.

तिसरा टप्पा पाच दिवसांचा, पेंडिंग डिलीट. या पाच दिवसांत पैसे भरायची तयारी असली तरी कोणी काही करू शकत नाही. २० ऑगस्टच्या आसपास नाव मोकळं होतं आणि जो पहिला येईल त्याला मिळतं. पण 'पहिला' म्हणजे माणूस नव्हे. सुटणाऱ्या नावांवर टपून बसलेल्या कंपन्यांची यंत्रं क्षणार्धात नोंदणी करतात. जुनं, बरंच वापरात असलेलं नाव सकाळी उठून सावकाश परत घेऊ म्हटलं तर मिळण्याची आशा फारशी नसते.

तारीख वाचताना होणारी गफलत

डोमेनची स्थिती कोणालाही फुकट पाहता येते. आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकलं की नोंद समोर येते. डॉट इनसाठी निक्सीच्या रजिस्ट्रीचं पान आहे. जुने लोक याला अजूनही हूइज म्हणतात.

त्या नोंदीत दोन तारखा असू शकतात: 'रजिस्ट्री एक्स्पिरेशन' आणि 'रजिस्ट्रार एक्स्पिरेशन'. वर सांगितल्याप्रमाणे मुदत संपताच रजिस्ट्री नाव आपणहून वर्षभर पुढे ढकलते. त्यामुळे १ जून २०२५ ला संपलेल्या नावाची रजिस्ट्रीकडची तारीख जूनच्या दुसऱ्याच दिवशी १ जून २०२६ दिसू लागते. ती पाहून 'वर्षभर काळजी नाही' असं वाटतं आणि साईट का बंद आहे ते कळत नाही. खरी तारीख रजिस्ट्रारची.

तारखेपेक्षाही भरवशाची खूण म्हणजे खाली लिहिलेलं स्टेटस. तिथे 'ऑटो रिन्यू पिरियड' असेल तर आपण पहिल्या टप्प्यात आहोत, 'रिडेम्प्शन पिरियड' असेल तर दुसऱ्या आणि नुसतं 'पेंडिंग डिलीट' असेल तर तिसऱ्या. 'क्लायंट होल्ड' दिसलं तर रजिस्ट्रारने नाव रोखून धरलं आहे. ते मुदतीमुळे असू शकतं किंवा ईमेलची पडताळणी राहिल्यामुळेही. 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' पाहून मात्र घाबरू नये. ते नाव परस्पर कोणी हलवू नये म्हणून लावलेलं कुलूप आहे आणि ते असलेलंच बरं.

साईटपेक्षा मेलची चिंता करावी

साईट चार दिवस बंद राहिली तर अडचण होते. पण नाव दुसऱ्याच्या हाती गेलं तर खरा धोका मेलचा असतो. नवा मालक त्या नावावर येणारा प्रत्येक मेल एकाच पेटीत उतरवून घेऊ शकतो, मग तो तुमच्या अध्यक्षांच्या नावे असो की हिशेबनिसाच्या. बँकेची पत्रं, पालकांचे अर्ज, रुग्णांचे अहवाल, पुरवठादारांची बिलं, सगळं तिकडे. फेसबुक पान, क्लाउडवरच्या फाइली किंवा एखादं सरकारी पोर्टल त्या ईमेलला जोडलेलं असेल तर 'पासवर्ड विसरलो' एवढं बटण दाबून तो आत शिरू शकतो. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या एका सुरक्षा संशोधकाने वकिलांच्या जुन्या कंपन्यांची सोडून दिलेली नावं विकत घेऊन हाच धोका दाखवून दिला होता. गोपनीय पत्रव्यवहार आयता त्याच्या पेटीत येत होता.

त्याखेरीज लेटरहेड, पावत्या, माहितीपत्रकांवरचे क्यूआर कोड, विकिपीडियावरचे दुवे या सगळ्यांवर जुनाच पत्ता असतो. शाळेचं किंवा रुग्णालयाचं जुनं नाव जुगाराच्या साईटवाल्यांना हवं असतं ते याचसाठी: वर्षानुवर्षं जमलेले दुवे आणि लोकांचा विश्वास त्यांना आयता मिळतो.

हे फक्त छोट्या संस्थांचं दुखणं आहे असंही नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पासपोर्ट डॉट कॉमचे ३५ डॉलर भरायचे राहिले आणि ऐन नाताळात हॉटमेलच्या अनेकांना लॉगिन करता येईना. शेवटी टेनेसीतल्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून पैसे भरले. नोव्हेंबर २०१० मध्ये डॅलस काउबॉइज या अमेरिकी फुटबॉल संघाची साईट अशीच मुदत संपून बंद पडली, तीही प्रशिक्षकाला काढल्याची बातमी गाजत असताना. जून २०१६ मध्ये सोरेन्सन कम्युनिकेशन्स या कंपनीच्या डोमेनचं नूतनीकरण राहिलं आणि कर्णबधिरांना सांकेतिक भाषेतून फोनवर बोलण्याची सोय देणारी तिची सेवा ठप्प झाली. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाबरोबर झालेल्या तडजोडीत कंपनीला सुमारे तीस लाख डॉलर मोजावे लागले. यातल्या कोणाकडेही पैशांची वानवा नव्हती. नूतनीकरण हे नेमकं कोणाचं काम, ते ठरलेलं नव्हतं किंवा ठरलेला माणूस विसरला होता.

'ऑटो रिन्यू' चालू असूनही

भारतात आणखी एक अडचण आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायचे असतील तर त्यासाठी ई-मँडेट नोंदवावा लागतो, तोही ओटीपीने मान्य करून. प्रत्येक वेळी पैसे कापण्यापूर्वी बँकेला निदान चोवीस तास आधी कळवावं लागतं. पुढच्या वर्षीपासून व्यापाऱ्यांनी कार्डाचा क्रमांक आपल्याकडे साठवणंही बंद झालं. अनेक परदेशी रजिस्ट्रारकडे भारतीय कार्डांसाठी ई-मँडेटची सोय नाही. खात्यात 'ऑटो रिन्यू: चालू' असं हिरव्या अक्षरांत दिसत राहतं, तारखेला बँक व्यवहार नाकारते आणि त्याचा मेल जाहिरातींच्या गठ्ठ्यात हरवून जातो.

उपाय साधा आहे. महिना-दोन महिने आधी स्वतः लॉगिन करून पैसे भरावेत आणि जमल्यास एकदम तीन-पाच वर्षांचे भरावेत. लवकर भरल्याने दिवस वाया जात नाहीत. नवी मुदत जुन्या तारखेच्या पुढे जोडली जाते. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर तेही काम मुदतीच्या तोंडावर काढू नये.

नाव कोणाच्या नावावर

जमिनीच्या व्यवहारात सातबारावर कोणाचं नाव आहे ते आधी बघतात. डोमेनच्या बाबतीत तोच प्रश्न 'रजिस्ट्रंट', म्हणजे नोंदणीधारक कोण, असा विचारायचा. पैसे कोणी भरले यावर मालकी ठरत नाही. वाचनालयाने पैसे दिले आणि साईट करणाऱ्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने नोंदणी केली, तर रजिस्ट्रारच्या लेखी धारक तोच. तो नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला किंवा त्याच्याशी बिनसलं की वाचनालयाचं नाव त्याच्या खात्यात अडकतं. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत हेच वेगळ्या वाटेने घडतं. कार्यकारिणी बदलते, लॉगिन मात्र माजी चिटणीसांच्या खासगी ईमेलवर राहतं.

म्हणून नोंदणी संस्थेच्या नावाने असावी. नोंदवलेला ईमेल त्या डोमेनवरचा नसावा आणि एकट्या व्यक्तीचा खासगीही नसावा. संस्थेने जीमेलसारख्या सेवेवर वेगळा काढलेला असावा आणि तो निदान दोघांना उघडता यावा. ओटीपीचा मोबाइल क्रमांक चालू असावा. साईट करणाऱ्याला डीएनएस, म्हणजे नाव कोणत्या सर्व्हरकडे वळवायचं त्या नोंदी, बदलण्यापुरती परवानगी द्यावी, खातं देऊन टाकू नये.

मुदत संपली असेल तर हा क्रम

आधी लुकअप पानावर स्टेटस पाहावं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पहिला टप्पा चालू असेल तर रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन करून लगेच पैसे भरावेत. कार्ड नाकारलं गेलं तर दुसरं कार्ड, यूपीआय किंवा नेटबँकिंग वापरावं. पैसे भरल्यावर साईट काही तासांत परत येते, क्वचित एक-दोन दिवस लागतात. तोवर नवी साईट करायला घेऊ नये.

दुसरा टप्पा असेल तर 'रिन्यू'चं बटण सहसा चालत नाही. रजिस्ट्रारच्या मदत केंद्राला 'रिस्टोअर करायचं आहे' असं स्पष्ट सांगावं, शुल्क लेखी मागून घ्यावं आणि त्याच दिवशी भरावं. खातं दुसऱ्याच्या हाती असेल तर संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जुनी बिलं घेऊन रजिस्ट्रारकडे अर्ज करावा.

तिसऱ्या टप्प्यात बॅकऑर्डर लावता येते. म्हणजे नाव सुटताच ते पकडून देण्याची आगाऊ मागणी. हमी नसते, पण एकाहून जास्त सेवांकडे लावली तर संधी वाढते. नाव दुसऱ्याने घेतलंच असेल तर डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी या तंटानिवारणाच्या वाटा आहेत. तिथे नुसतं 'आमचं नाव होतं' पुरत नाही. ट्रेडमार्कचा हक्क आणि समोरच्याचा दुष्ट हेतू, दोन्ही दाखवावं लागतं. वायपो या संस्थेकडे एका पंचापुढे यूडीआरपीचं प्रकरण नेण्याचं शुल्कच १,५०० डॉलर आहे. तेवढ्यात कदाचित नव्या मालकाकडून नाव विकत मिळेल. तसं घ्यायचं झालं तर पैसे एस्क्रो सेवेमार्फत, म्हणजे नाव हाती येईपर्यंत ते सांभाळणाऱ्या त्रयस्थामार्फत द्यावेत, थेट नव्हे.

या सगळ्यात एक सावधगिरी: मुदतीच्या आसपास भलत्याच कंपन्यांची 'डोमेन एक्स्पायर होत आहे' अशी पत्रं येतात. बारीक अक्षरांत ती सर्च इंजिन नोंदणीची किंवा रजिस्ट्रार बदलण्याची मागणी असते. आपला रजिस्ट्रार कोण हे लुकअपवर पाहावं आणि पैसे फक्त त्याच्याच साईटवर, पत्ता स्वतः टाइप करून भरावेत.

मुद्दाम सोडून देताना

कधी कधी डोमेन जाणूनबुजून सोडायचं असतं. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना डॉट बँक डॉट इन या राखीव शेपटीवर जायला सांगितलं, त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँकांनाही ते लागू होतं. नवा पत्ता मिळाला म्हणून जुन्याचे पैसे वाचवायचा मोह होतो. पण खातेदारांच्या पासबुकांवर, मोबाइलमध्ये साठवलेल्या दुव्यांवर जुनाच पत्ता असतो आणि तोच एखाद्या ठकसेनाच्या हाती गेला तर नव्या पत्त्याचा हेतूच बुडतो. जुनं नाव पुढची बरीच वर्षं भरत राहून नव्याकडे वळतं ठेवणं कधीही स्वस्त. शाळा, दवाखाना, प्रकाशन संस्था, सगळ्यांना हे लागू आहे. सोडायचंच असेल तर आधी त्या नावावरचे सगळे ईमेल प्रत्येक खात्यातून काढून टाकावेत.

संस्थेच्या कपाटात एक पान लावून ठेवा: डोमेनचं नाव, रजिस्ट्रार, खात्याचा ईमेल, कार्ड कोणाचं आणि रजिस्ट्रारची तारीख. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हिशेबांच्या मंजुरीनंतर 'डोमेन कोणत्या तारखेपर्यंत भरलेलं आहे' ही एक ओळ वाढवा आणि तिचं उत्तर कोण देणार त्याचं नाव इतिवृत्तात लिहा.